लॅबचं मशीन: खुर्चीत बसून आणि घरून

दरवर्षी नवी तुकडी आली की पहिल्या पंधरवड्यात लॅबच्या दारात तेच तीन प्रश्न मला गाठतात. "दादा, पासवर्ड बरोबर आहे, तरी स्क्रीन एकदा काळी होऊन परत लॉगिनवरच येते." "काल सोळा नंबरवर सेव्ह केलेली फाइल आज नऊ नंबरवर कशी दिसतेय?" आणि सोमवारी सकाळी हमखास, "शनिवारी प्रोग्राम लावून गेलो होतो, सगळं गेलं!" पीएचडी करता करता विभागाची लिनक्स लॅब सांभाळतो, त्यामुळे उत्तरं तोंडपाठ झाली आहेत. ती एकदाची क्रमाने लिहून काढतो.

कमांडची नावं मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती रोमन लिपीत आणि छोट्या अक्षरांत टाकायची; "डॅश" म्हणजे - ही आडवी रेघ आणि "टिंब" म्हणजे . हे चिन्ह. लिनक्समध्ये छोटं आणि मोठं अक्षर एकच नसतं. अर्ध्या "कमांड नॉट फाउंड"चं मूळ तिथेच सापडतं.

आधी हे डोक्यात बसवा

समोरचं मशीन तुमचं नाही, खातं तुमचं आहे. तुम्ही पासवर्ड टाकता तेव्हा तो टेबलावरच्या डब्यात तपासला जात नाही. एक मध्यवर्ती सर्व्हर तुमचं खातं ओळखतो आणि दुसरा, फाइल सर्व्हर, तुमचं होम फोल्डर नेटवर्कवरून समोर आणून ठेवतो. म्हणून सोळावरची फाइल नऊवर दिसते. जादू नाही, आणि नवीनही नाही. अमेरिकेत एमआयटीने १९८३ मध्ये प्रोजेक्ट अथीना सुरू केला तो याच कल्पनेवर: विद्यार्थी कुठल्याही मशीनवर बसो, त्याचं काम त्याच्यासमोर यावं. लॉगिन तपासणारी कर्बेरॉस ही पद्धत त्याच प्रकल्पातून बाहेर पडली आणि आजही जगभर वापरात आहे.

यातूनच दुसरी गोष्ट येते. खुर्ची रिकामी आहे म्हणजे मशीन रिकामं आहे असं नाही. त्याच क्षणी त्यावर हॉस्टेलवरून कोणी शिरलेलं असू शकतं, कोणाचा प्रोग्राम परवापासून चालू असू शकतो. पुढचे बहुतेक नियम या एका वाक्यातून निघतात.

विंडोजची लॅब असेल तर गणित थोडं उलटं. बऱ्याच ठिकाणी डीप फ्रीझसारखं सॉफ्टवेअर बसवलेलं असतं. मशीन रीस्टार्ट झालं की ते पूर्वीच्या ठरलेल्या अवस्थेत जातं आणि तुम्ही डेस्कटॉपवर ठेवलेलं सगळं पुसलं जातं. तिथे काम नेटवर्क ड्राइव्हवर नाहीतर स्वतःच्या क्लाउडवर ठेवायचं. डेस्कटॉपवर तर कधीच नाही.

लॅबमध्ये बसून

चपला बाहेर, आयकार्ड गळ्यात, रजिस्टरवर वेळ आणि मशीन नंबर टाकून सही. रजिस्टर हा जुनाट सोपस्कार वाटतो, पण एखाद्या मशीनवरून काही गडबड झाली तर तुमच्या बाजूने बोलणारा तोच कागद असतो. नंबर खरा लिहा.

पहिल्या लॉगिननंतर लगेच पासवर्ड बदला. अनेक ठिकाणी सुरुवातीचा पासवर्ड पीआरएन (विद्यापीठाचा कायमचा नोंदणी क्रमांक) किंवा जन्मतारीख असतो, आणि पीआरएन तर निकालाच्या यादीत सगळ्या वर्गाला दिसतो. टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडून "पासडब्ल्यूडी" टाका. विभागाचं वेगळं पोर्टल असेल तर तिथून बदला. टर्मिनलमध्ये पासवर्ड टाइप करताना स्क्रीनवर टिंबं, चांदण्या काहीच उमटत नाहीत. कीबोर्ड बिघडलेला नसतो. टाइप करत राहा आणि एंटर दाबा.

त्यानंतर होम फोल्डरला कुलूप. बऱ्याच सर्व्हरवर नव्या फाइली इतरांना वाचता येतील अशाच तयार होतात. तुमची असाइनमेंट शेजारच्याने उचलली, दोघांचा कोड सारखा निघाला, की मूळ कोणाचा हे सिद्ध करत बसावं लागतं. "सीएचमॉड ७००" आणि पुढे फोल्डरचं नाव, एवढ्याने ते फोल्डर फक्त तुमच्यासाठी उघडं राहतं. "टीएमपी" फोल्डरमध्ये तात्पुरतं काही ठेवाल तेव्हाही लक्षात असू द्या की ते सामायिक आहे, त्या एकाच मशीनवर आहे आणि रीस्टार्टनंतर राहील याची खात्री नाही.

आता पॉवर बटण. ते दाबायचं नाही. मशीन अडकलं तरी नाही, घरी जाताना "वीज वाचवू" म्हणून तर मुळीच नाही. एमएससीच्या शेवटच्या वर्षी माझा एक सिम्युलेशन तीन रात्री चालला होता. चौथ्या सकाळी कोणा भल्या माणसाने लॅब झाडताना सगळ्या मशीनची बटणं ओळीने दाबली. त्याची चूक नव्हती, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. मी मध्ये मध्ये निकाल फाइलमध्ये लिहीत नव्हतो, ती चूक माझी. त्या दिवसापासून प्रत्येक मशीनवर मी "बंद करू नका" असा कागद चिकटवतो, आणि माझा प्रत्येक प्रोग्राम ठराविक वेळाने आपली प्रगती डिस्कवर उतरवतो. तुमचाही तसाच लिहा, कारण लाइट कागद वाचत नाही आणि यूपीएस म्हातारा असतो.

फक्त तुमचीच खिडकी गोठली असेल तर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबा. काळी, अक्षरांची स्क्रीन येते. तिथे लॉगिन करा, "टॉप" टाकून अडकलेला प्रोग्राम शोधा आणि "किल" कमांडला त्याचा नंबर देऊन तो संपवा. दुसऱ्याचा प्रोग्राम तुम्हाला मारता येत नाही, त्यामुळे घाबरायचं कारण नाही.

लॉगिन होऊन परत बाहेर फेकलं जाणं

पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथे सविस्तर देतो, कारण नव्या मुलांचे यात सर्वात जास्त तास जातात. पासवर्ड बरोबर, स्क्रीन क्षणभर काळी, आणि परत लॉगिन. बहुतेक वेळा कारण एकच: तुमचा कोटा भरलाय. प्रत्येक खात्याला फाइल सर्व्हरवर ठराविक जागा असते. डेस्कटॉप सुरू होताना त्याला तुमच्या होममध्ये काही छोट्या फाइली लिहाव्या लागतात. जागाच नसेल तर तो लिहू शकत नाही, आणि निमूटपणे बंद पडतो. चुकीचा पासवर्ड असता तर तसं स्क्रीनवर आलं असतं.

यावरही कंट्रोल-ऑल्ट-एफ३ हाच रस्ता. अक्षरांच्या स्क्रीनवर लॉगिन होतं, कारण त्याला लिहायला फारसं काही लागत नाही. तिथे "कोटा डॅश एस" टाकलं की किती वापरलं ते दिसतं. मग "डीयू डॅश एसएच" पुढे एकेका फोल्डरचं नाव देत जागा कोण खातंय ते शोधा. नावापुढे टिंब असलेली फोल्डर्स साध्या यादीत दिसत नाहीत, "एलएस डॅश ए" केल्यावर दिसतात. चोर बहुधा तिथेच दडलेला असतो: ब्राउझरचा कॅश (पुन्हा लागतील म्हणून साठवलेल्या तात्पुरत्या फाइली), पायथनच्या पॅकेजचा कॅश, कचराकुंडीत टाकून कधीच न रिकाम्या केलेल्या फाइली. "टिंब कॅश" हे फोल्डर निर्धास्त उडवा, प्रोग्राम ते परत बनवतात. टिंबाने सुरू होणारं बाकी काही मात्र न बघता उडवू नका, त्यात तुमच्या सेटिंग्ज आणि किल्ल्या असतात.

आणि "आरएम" कमांडने गेलेली फाइल कचराकुंडीत जात नाही. ती गेलीच. विभागात बॅकअप असेल तर ॲडमिनकडून मिळू शकते. पण बॅकअप आहे का हे फाइल गेल्यानंतर विचारण्यापेक्षा आजच विचारून ठेवा.

सॉफ्टवेअर बसवायचं तर "सुडू", म्हणजे ॲडमिनच्या अधिकाराने कमांड चालवणं, तुम्हाला चालणार नाही. तुम्ही अधिकृत यादीत नाही आणि ही घटना कळवली जाईल, अशी धमकी देणारा संदेश काही मशीनवर येतो. पोलीस येत नाहीत, माझ्या लॉगमध्ये एक ओळ वाढते आणि मी चहा पिताना हसतो. पायथनची पॅकेजेस स्वतःच्या होममध्ये व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (पॅकेजेससाठी वेगळं फोल्डर) बनवून टाका, आणि खरंच काही सगळ्यांसाठी हवं असेल तर मागून घ्या.

ब्राउझर आणि पेन ड्राइव्ह

व्हॉट्सॲप वेब उघडं राहिलं तर फोनमधल्या लिंक्ड डिव्हाइसेसमध्ये जाऊन तिथूनच लॉगआउट करता येतं. लॅबपर्यंत धावत यायची गरज नाही. महाडीबीटीचा शिष्यवृत्तीचा अर्ज लॅबमधून भरायचा असेल तर खाजगी विंडो उघडा, "पासवर्ड सेव्ह करू का" याला नाही म्हणा, आणि उठण्याआधी डाउनलोड्स फोल्डर बघा. लिनक्सवर ते निदान तुमच्याच खात्यात राहतं. एकच सामायिक खातं असलेल्या विंडोज मशीनवर मी आधार कार्डं, जातीचे दाखले, बँक पासबुकं अशी आख्खी पुरवणी पाहिली आहे. पेन ड्राइव्हचं म्हणाल तर झेरॉक्सच्या दुकानात फिरून आलेला पेन ड्राइव्ह सरळ लॅबमध्ये लावू नका. सगळी फोल्डर्स शॉर्टकट बनलेली दिसली तर तो व्हायरस आहे, आणि त्यावर डबल क्लिक म्हणजे त्याला घरात बोलावणं.

उठताना लॉगआउट. स्क्रीन लॉक करून जेवायला गेलात तर ती खुर्ची अडते, आणि सबमिशनच्या आठवड्यात त्यावरून मारामारीच बाकी राहते.

घरून

घरून किंवा हॉस्टेलवरून लॅबच्या मशीनवर शिरायचं साधन एसएसएच. १९९५ मध्ये फिनलंडच्या हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठात नेटवर्कवर कान लावून पासवर्ड चोरल्याचा प्रकार झाला, तेव्हा तिथल्या टाटू यलोनेन या संशोधकाने ते लिहिलं. त्याआधीची साधनं पासवर्ड उघडाच पाठवत. विद्यापीठाच्या त्रासातून जन्मलेली वस्तू विद्यापीठात अजून सर्वात जास्त उपयोगी पडते, याची मला गंमत वाटते. लिनक्स आणि मॅकवर ते असतंच. विंडोज १० मध्येही २०१८ पासून ते सोबतच येतं, कमांड प्रॉम्प्ट उघडून बघा. जुन्या विंडोजवर पुट्टी हा त्याच कामाचा प्रोग्राम वापरा.

लॅबची मशीन सहसा बाहेरून थेट दिसत नाहीत. काही ठिकाणी आधी विद्यापीठाचं व्हीपीएन (बाहेरून आतल्या नेटवर्कला जोडणारा सुरक्षित रस्ता) लावावं लागतं. आमच्याकडे एक गेटवे मशीन आहे, आधी त्यावर, तिथून आत. गेटवे म्हणजे दिंडीदरवाजा, राहण्याची जागा नव्हे. त्यावर प्रोग्राम चालवलात तर सगळ्यांची वाट अडते आणि मी तो बिनदिक्कत मारतो. एकाच कमांडमध्ये दोन्ही टप्पे ओलांडायचे तर "एसएसएच डॅश जे" (हा जे मोठ्या लिपीतला), पुढे वापरकर्तानाव, @ चिन्ह, गेटवेचं नाव, मग मोकळी जागा देऊन तसंच लॅबच्या मशीनचं. रोज एवढं टाइप करायचा कंटाळा येतो. आपल्या लॅपटॉपवर "टिंब एसएसएच" फोल्डरमध्ये "कॉन्फिग" नावाची फाइल करून त्यात हे एकदा लिहून ठेवलं की पुढे "एसएसएच लॅब९" एवढ्यावर भागतं.

पहिल्यांदा जोडताना मशीनचं फिंगरप्रिंट दाखवून विश्वास ठेवायचा का असं विचारलं जातं. ॲडमिनने ते फिंगरप्रिंट कुठे लावलेलं असेल तर ताडून पाहा आणि "येस" पूर्ण लिहा. पुढे कधी मशीनची ओळख बदलल्याचा मोठा, भीतीदायक इशारा आला तर बहुधा आम्ही ते मशीन नव्याने इन्स्टॉल केलेलं असतं. बहुधा म्हणतोय. विचारून खात्री करा, मगच जुनी ओळख पुसा. पासवर्ड चार-पाचदा चुकला की गेटवे तुमचा आयपी पत्ता काही वेळ रोखू शकतो. हॉस्टेलच्या वायफायवर सगळे एकाच सार्वजनिक पत्त्यामागे असतात, त्यामुळे एकाने रागाने दहा वेळा चुकीचा पासवर्ड मारला की अख्खी विंग बाहेर राहते.

म्हणून किल्ली करून घ्या. "एसएसएच-कीजेन" चालवलं की दोन फाइली बनतात. ज्याच्या शेवटी टिंब देऊन "पब" लिहिलेलं असतं ती सर्व्हरवर ठेवायची, दुसरी तुमच्या लॅपटॉपवरून हलवायची नाही. मित्राला द्यायची नाही, मेल करायची नाही, लॅबच्या मशीनवर कॉपी करायची नाही. तिला पासफ्रेज, म्हणजे किल्लीचा स्वतःचा लांब पासवर्ड, द्या, म्हणजे लॅपटॉप चोरीला गेला तरी किल्ली लगेच चालणार नाही.

आत शिरल्यावर पहिली कमांड कुठली? माझं मत विचाराल तर "डब्ल्यू". एवढं एकच अक्षर. मशीनवर आत्ता कोण आहे आणि त्यावर किती भार आहे हे ती दाखवते. भाराचा आकडा मशीनच्या कोअरच्या (प्रोसेसरमधल्या स्वतंत्र भागांच्या) संख्येएवढा झाला असेल तर मशीन भरलंय, दुसरं बघा. कोअर किती ते "एनप्रॉक" सांगते, मोकळी मेमरी "फ्री डॅश एच", आणि ग्राफिक्स कार्ड कोणी अडवलंय का ते "एनव्हिडिया-एसएमआय". मेमरी संपली तर लिनक्स स्वतःच एखादा प्रोग्राम निवडून मारतो, आणि तो तुमचाच असेल असं नाही, शेजारच्याचा थिसिसही असू शकतो. लांब चालणाऱ्या कामापुढे "नाइस डॅश एन १९" लावा. मग खुर्चीत बसलेल्या माणसाला प्राधान्य मिळतं आणि तुमचं काम उरलेल्या वेळात चालतं. पायथनचं नमपाय हे आकडेमोडीचं पॅकेज सहसा न विचारता सगळे कोअर घेतं. "ओएमपी_नम_थ्रेड्स" (हे मोठ्या लिपीत) हा व्हेरिएबल ४ वर ठेवला की शहाण्यासारखं वागतं.

शनिवारचा प्रोग्राम

आता तिसरा प्रश्न. एसएसएच तुटलं की त्यात चालू असलेला प्रोग्रामही साधारणपणे मरतो. वायफाय गेलं, लॅपटॉपचं झाकण मिटलं, संपलं. उपाय टीमक्स. आत शिरल्यावर "टीमक्स" टाका, त्याच्या आत प्रोग्राम सुरू करा, मग कंट्रोल-बी दाबून सोडा आणि नुसता डी दाबा. तुम्ही बाहेर, प्रोग्राम आत चालूच. दुसऱ्या दिवशी परत येऊन "टीमक्स अटॅच". टीमक्स नसेल तर "स्क्रीन" बघा, १९८७ पासूनचं आहे, पण काम तेच करतं.

यात नवी मुलं एका ठिकाणी हटकून फसतात. होम फोल्डर सगळ्या मशीनवर एकच, पण टीमक्स ज्या मशीनवर सुरू केलं त्याच मशीनवर असतं. शनिवारी नऊवर लावलं आणि सोमवारी चौदावर शोधलं तर "सेशन नाही" असंच उत्तर येणार. गेटवे आपोआप मोकळ्या मशीनवर ढकलत असेल तर हे आणखी सहज घडतं. सुरू करण्याआधी "होस्टनेम" टाका आणि जे नाव येईल ते वहीत लिहा. वहीतच लिहा, त्याच मशीनवरच्या फाइलमध्ये नको. आणि टीमक्स मशीन रीस्टार्ट झाल्यावर वाचत नाही, तेव्हा वरची प्रगती डिस्कवर उतरवण्याची सवय इथेही लागतेच.

ज्युपिटर (ब्राउझरमध्ये नोटबुकसारखा कोड चालवायचं साधन) वापरणाऱ्यांनी पोर्ट ८८८८ सोडून द्यावा; पोर्ट म्हणजे मशीनवरच्या एकेका सेवेच्या दाराचा नंबर. सगळे तोच वापरतात, त्यामुळे एकाचं नोटबुक दुसऱ्याच्या ब्राउझरमध्ये डोकावायला लागतं. स्वतःचा आकडा घ्या, रोल नंबरवरून काहीतरी, आणि "एसएसएच डॅश एल" (हा एलही मोठा) ने तो पोर्ट आपल्या लॅपटॉपवर आणा. ज्युपिटर उघडताना मागतं ते टोकन, म्हणजे पासवर्डसारखी खूण, काढून टाकायचा शहाणपणा नको. व्हीएस कोड या कोड लिहायच्या प्रोग्रामने दूरून जोडलं तर तो आपला सर्व्हर तुमच्या होममध्ये बसवतो. तो कोटा खातो आणि खिडकी बंद केल्यानंतरही काही वेळ मेमरी अडवून बसतो. महिन्यातून एकदा झाडून काढा.

पूर्ण डेस्कटॉप घरून दिसावा असा हट्ट मोबाइल डेटावर करू नका. एक्स फॉरवर्डिंगने (लॅबच्या प्रोग्रामची खिडकी एसएसएचवरून घरी दाखवणं) मॅटलॅबसारखा जड प्रोग्राम उघडायला लागणाऱ्या वेळात चहा होऊन थंडही होतो. विभागाने एक्स२गो किंवा व्हीएनसी या दूरून डेस्कटॉप दाखवणाऱ्या साधनांची सोय केली असेल तर ते बरं. अक्षरांची स्क्रीन सर्वात बरी.

फाइली आणा-न्यायला छोट्यासाठी एससीपी, मोठ्यासाठी आरसिंक. आरसिंकला "पार्शल" पर्याय दिला तर नेट तुटल्यावर फाइल पुन्हा पहिल्यापासून येत नाही. यातली एक खोच: ज्या फोल्डरमधून न्यायचं त्याच्या नावाशेवटी तिरकी रेघ दिली तर आतला माल जातो, न दिली तर फोल्डरसकट जातं. विंडोजवाल्यांना याच कामाचा विनएससीपी प्रोग्राम, फाइली माउसने ओढायच्या.

काही अडलं तर ॲडमिनला लिहिताना चार गोष्टी द्या: मशीनचं नाव, वेळ, काय टाइप केलं आणि आलेला संदेश जसाच्या तसा. मोबाइलने तिरका काढलेला स्क्रीनचा फोटो नको, संदेश कॉपी करून पाठवा. पासवर्ड कधीही लिहू नका, मलाही नको. खरा ॲडमिन तो मागत नाही, त्याला त्याची गरजच पडत नाही.

आणि शेवटच्या सत्रात खातं कधी बंद होणार ती तारीख ऑफिसमध्ये विचारून घ्या. बंद झालेल्या खात्यातली फाइल मिळवायला आमच्याकडे विभागप्रमुखांच्या सहीचा अर्ज लागतो, आणि सुट्टीत विभागप्रमुख गावाला असतात. शेवटच्या सबमिशनच्या आठवड्यातच सगळं होम आरसिंकने घरी आणा, एकदा उघडून बघा, आणि मगच लॅबमधून उठा.